पिंपाची फळी आणि गाडीचे चाक

वर्तमानपत्रात खनिज तेलाचा भाव नेहमी छापून येतो : एका बॅरलला इतके डॉलर. हा आकडा वाढला की पेट्रोल महागणार, ट्रॅक्टरची नांगरट महागणार, हे आपण लगेच ताडतो. पण बॅरल म्हणजे काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. बॅरल म्हणजे पिंप. आणि ते मुळात लाकडाचे. आज खनिज तेल नळांतून आणि जहाजांच्या टाक्यांतून वाहते. लाकडी पिंपात ते कोणी भरीत नाही. तरी जगाचा हिशोब अजून त्या पिंपानेच चालतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८५९ साली तेलाची विहीर लागली, तेव्हा ते तेल भरायला हाताशी होती ती दारूची लाकडी पिंपे. कोणाचे पिंप लहान, कोणाचे मोठे. भांडणे होऊ लागली. म्हणून १८६६ साली तिथल्या तेलवाल्यांनी एक माप ठरविले : पिंपात ४२ गॅलन तेल भरायचे आणि पैसे ४० गॅलनांचे घ्यायचे. वरचे दोन गॅलन वाटेतल्या गळतीपोटी आणि उडून जाण्यापोटी. पुढे ४२ गॅलन, म्हणजे सुमारे १५९ लिटर, हेच माप कायम झाले.

आजचा आपला विषय म्हणजे हे वरकड दोन गॅलन, असे म्हटले तरी चालेल. पंचवीस-तीस फळ्या एकमेकींना नुसत्या टेकवून उभ्या केलेल्या. त्यांत खिळा नाही, सरस नाही. अशा भांड्यात तेल, पाणी, दारू राहते कशी? आणि गळते ते का? या फळ्यांच्या कडा पूर्वी हातांनी साधीत, नंतर यंत्रांनी साधू लागले. यंत्राने त्या हातांकडून नेमके काय घेतले, हेही पाहू या.

प्रथम शब्दाविषयी. ‘पिंप’ हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून आपल्याकडे आला, तसा ‘गामेला’वरून घमेले आले. पोर्तुगीजांची गलबते गोव्याला येत ती पिण्याचे पाणी आणि दारू अशाच पिंपांतून आणीत. वस्तू किनाऱ्यावर उतरली, तिच्याबरोबर नावही उतरले. पोर्तो शहराच्या दारूचे ‘पिपा’ हे माप ५५० लिटरांचे आहे. यावरून ही भांडी केवढी मोठी असत याची कल्पना येईल.

आपल्या मराठवाड्यात मात्र फळ्यांचे भांडे रूढ झाले नाही. आपला रांजण मातीचा, घागर तांब्याची. तेलातुपाचा बुधला चामड्याचा, पखाल चामड्याची, विहिरीवरची मोटही चामड्याची. लाकडाचे भांडे होते ते एकाच ओंडक्यातून कोरलेले : भाकरीचे पीठ मळायची काठवट, जनावरांना पाणी पाजायची डोण. सांधा असलेल्या लाकडात पाणी ठेवावे हा विचार आपल्या हवेला मानवणारा नव्हता. वैशाखात इथली हवा इतकी कोरडी होते की चांगल्या दाराच्या फळ्याही एकमेकींपासून अंग काढून घेतात. रिकामे पिंप त्या हवेत आठवडाभर राहिले तर त्याच्या फटींतून उजेड दिसेल.

पण ज्या कोड्याचे उत्तर पिंप देते, तेच कोडे आपल्या सुतारांनी दुसऱ्या वस्तूत सोडविले होते. ती वस्तू म्हणजे बैलगाडीचे चाक. वेगवेगळ्या तुकड्यांचे वर्तुळ करायचे, आणि ते केवळ बाहेरच्या लोखंडी कड्याच्या आवळण्यावर एकजीव ठेवायचे. म्हणून आज पिंप समजून घेताना चाक डोळ्यांपुढे ठेवू.

पिंप ही युरोपातल्या थंड, ओलसर, जंगली मुलखाची वस्तू. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे की, आल्प्स पर्वताच्या बाजूला लोक द्राक्षमद्य लाकडी भांड्यांत भरतात आणि त्यांना कडी बांधतात. रोम शहरातील सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर नावांतून नेली जाणारी पिंपे कोरलेली आहेत. तो स्तंभ ११३ सालचा. मातीचे मोठे भांडे उचलायला चार माणसे लागत आणि ठेच लागली की ते फुटे. पिंपाचे तसे नाही. फ्रान्समधील बोर्दो येथील दारूचे पिंप २२५ लिटरांचे असते. भरल्यावर त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते. पण त्याचे पोट फुगीर असल्यामुळे जमिनीला ते थोडेसेच टेकते. म्हणून एक माणूस ते गडगडत नेऊ शकतो आणि जागच्या जागी वळवूही शकतो.

पोटाचा हा फुगवटा केवळ गडगडण्यासाठी नाही; पिंपाची सारी घट्टाई त्याच्यात आहे. पिंपाचे कडे टोकाकडून, म्हणजे अरुंद बाजूने, घालतात आणि पोटाकडे ठोकीत नेतात. जसजसे ते पोटाकडे सरकते तसतशा फळ्या आवळल्या जातात. पाचर ठोकावी तसाच हा प्रकार. कडे सैल झाले की हातोडीने आणखी थोडे पुढे सारायचे, पुन्हा घट्ट. आपल्या चाकाला असा उतार नाही. म्हणून तिथे लोहाराची मदत लागते. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी आखूड करतात, गोवऱ्यांच्या आरात लाल करतात, फुगलेली धाव चाकावर बसवितात आणि पाणी ओततात. पाच फुटी चाकाचा घेर सुमारे ४८० सेंटिमीटर. लोखंड पाचशे अंशांनी तापले तर त्या घेरात जवळजवळ २८ मिलिमीटर वाढ होते. निवताना तेवढेच ते आवळते. पाट्यांच्या सांध्यांत मुद्दाम ठेवलेली बारीक फट त्या आवळण्याने मिटते आणि आरे तुंब्यात गच्च बसतात. पिंप आकाराने आवळते, चाक आगीने. एवढाच दोघांतला फरक.

आता फळीकडे वळू. पिंपाची एकच फळी हातात घेतली तर ती साधी वाटत नाही. ती मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना अरुंद असते. बाहेरून ती किंचित गोलसर, आतून किंचित पोकळ असते. तिच्या दोन्ही कडा काटकोनात नसून आतल्या बाजूला कललेल्या असतात. यातला शेवटचा गुण सर्वांत अवघड, आणि पाणी राहते की गळते हे त्याच्यावरच ठरते.

एक उदाहरण घेऊ. पोटापाशी ७० सेंटिमीटर आणि तोंडापाशी ५६ सेंटिमीटर व्यासाचे पिंप आहे. पोटाचा घेर सुमारे २२० सेंटिमीटर, तोंडाचा १७६. अशा पिंपाला सारख्या रुंदीच्या तीस फळ्या लावायच्या, तर प्रत्येक फळी मध्ये ७३ मिलिमीटर आणि टोकाला ५९ मिलिमीटर हवी. वर्तुळाचे ३६० अंश तीस फळ्यांत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला १२ अंश येतात. फळीला कडा दोन, म्हणून प्रत्येक कडेला ६ अंशांचा कल द्यायचा. हा कल प्रत्येक कडेला केवळ अर्ध्या अंशाने चुकला, तरी साठ कडांची मिळून ३० अंशांची चूक होते. म्हणजे अडीच फळ्यांची जागा. प्रत्येक सांध्यात दहावा हिस्सा मिलिमीटर फट राहिली तरी साऱ्या घेरात तीन मिलिमीटर होतात. पाण्याला त्याहून पुष्कळ कमी वाट पुरते.

पण झाडे काही सारख्या रुंदीच्या फळ्या देत नाहीत. महाग लाकूड वाया जाऊ नये म्हणून रुंद फळी रुंदच ठेवतात, अरुंद फळी अरुंदच. मग कल किती द्यायचा? याच पिंपातल्या १०० मिलिमीटर रुंद फळीला सुमारे सव्वाआठ अंश हवेत, ५० मिलिमीटरच्या फळीला चारच्या जरा वर. नियम एकच : कोणत्याही दोन फळ्यांमधला सांधा पिंपाच्या मध्यरेषेकडे तोंड करून असला पाहिजे. हा नियम पाळला तर लहानमोठ्या फळ्या कोणत्याही क्रमाने उभ्या करा, वर्तुळ पुरे होते. आपल्या चाकाच्या पाट्यांनाही हाच नियम आहे. पाट्यांची टोके तुंब्याच्या मध्याकडे पाहत असली तर चाक बसते, नाहीतर कितीही चांगली धाव चढवा, ते कुरकुरते.

जुना पिंपकार हा कल गुण्या लावून मोजीत नसे. त्याच्याजवळ एक लांबच लांब रंधा असे; चांगला पुरुषभर. तो उलटा, पाते वर करून, एक टोक उंच टेकवून ठेवलेला असे. आपण रंधा लाकडावरून नेतो. तो लाकूड रंध्यावरून नेई. फळी दोन्ही हातांत धरून तो उतारावरून खाली ढकली आणि ढकलता ढकलता मनगटाने तिला कल देई. फळीची रुंदी डोळ्यांनी पाहिली की किती कल हवा ते त्याच्या मनगटाला कळे. ही विद्या वर्षानुवर्षे उस्तादाच्या हाताखाली राबून येई.

या हाताच्या ज्ञानाकडे एका थोर गणितज्ञाचे लक्ष गेले. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा योहान्नेस केप्लर १६१३ साली ऑस्ट्रियात दुसऱ्या लग्नाला उभा राहिला आणि त्याने द्राक्षमद्याची पिंपे विकत घेतली. व्यापाऱ्याने पिंपाच्या पोटाला असलेल्या बुचाच्या भोकातून एक काठी तिरकी आत घातली, ती समोरच्या बुडाच्या कोपऱ्याला टेकविली, आणि काठी जेवढी भिजली त्यावरून पैसे सांगितले. केप्लर चकित झाला. उंच पिंप, बुटके पिंप, सर्वांना एकच काठी कशी चालेल? दोन वर्षे विचार करून त्याने १६१५ साली लिंट्स शहरात पिंपांच्या घनफळावर एक ग्रंथ छापला. त्यात त्याला असे आढळले की, ऑस्ट्रियातले पिंपकार जे प्रमाण धरीत होते ते असे होते की, काठीच्या ठराविक लांबीला जवळजवळ जास्तीत जास्त दारू मावे, आणि आकारात थोडे इकडेतिकडे झाले तरी मापात फारसा फरक पडत नसे. म्हणजे पिंपकारांचा हात बरोबरच होता. तो का बरोबर आहे ते केप्लरने सांगितले. पुढे जे कलनशास्त्र उभे राहिले त्याच्या पायातला एक दगड हा ग्रंथ मानला जातो.

एकोणिसाव्या शतकात पिंपांची मागणी अफाट वाढली. तेल, दारू, मीठ घातलेले मांस आणि मासे, पीठ, खिळे, सिमेंट, सारे पिंपांतून जाई. त्यात दोन जाती होत्या : पातळ पदार्थांसाठी घट्ट पिंप आणि कोरड्या मालासाठी ढिले पिंप. हाताचा कारागीर पुरेना, तेव्हा यंत्रे आली. अमेरिकेतील बफेलो शहरातली ई. अँड बी. होम्स ही कंपनी पिंपे करण्याच्या यंत्रांसाठीच प्रसिद्ध झाली. या यंत्रांची रांग कशी चाले ते थोडक्यात पाहू.

पहिले यंत्र ओंडक्याचे उभे तुकडे करी. दुसऱ्यात ठराविक अंतरावर दोन गोल करवती असत. त्यांच्यातून फळी गेली की दोन्ही टोके एकदम कापली जात आणि सर्व फळ्या एका लांबीच्या होत. ढिल्या पिंपासाठी एक चमत्कारिक करवत होती : झाकण नसलेल्या मोठ्या डब्यासारखी, आणि दाते डब्याच्या काठावर. ती फिरू लागली की तिच्यातून फळी बाहेर येई ती रुंदीत आपोआप बाक घेऊनच. घट्ट पिंपाच्या फळीला फिरत्या पात्यांच्या जोडीतून नेत. एक पाते तिची पाठ गोल करी, दुसरे तिचे पोट पोकळ करी.

आणि मग सांधा करणारे यंत्र. सर्वांत कौशल्याचे यंत्र हेच. वर सांगितले की, फळी मध्ये रुंद, टोकांना अरुंद. म्हणजे तिची कड सरळ नाही, वाकडी आहे, आणि कललेलीही आहे. अशी कड लोखंडी पात्याने कापायची कशी? यावर काढलेली एक युक्ती फार सुंदर आहे. पिंप पुरे झाल्यावर फळी वाकलेली असते. त्या वाकलेल्या स्थितीत प्रत्येक सांधा अगदी सपाट असतो, कारण तो मध्यरेषेतून जाणाऱ्या सपाट पातळीतच असतो. तेव्हा यंत्राच्या चिमट्यात फळी आधीच तेवढी वाकवायची, चिमटा त्या पिंपाच्या मध्यरेषेवर फिरेल असा बसवायचा, आणि कड सरळ करवतीने किंवा पाती बसविलेल्या जड फिरत्या चाकाने सपाट कापून टाकायची. चिमटा सोडला की फळी सरळ होते, आणि सपाट कापलेली कड आपोआप हवी तशी बाकदार दिसू लागते. फळी रुंद असो की अरुंद, कल तिच्या रुंदीला शोभेल असाच पडतो. जे मनगटात होते ते आता चिमट्याच्या बिजागरीत आले.

श्रोतेहो, यंत्राने कारागिराचे बळ घेतले असे आपण म्हणतो. इथे त्याने बळाहून मोठी गोष्ट घेतली, ती म्हणजे त्याचा अंदाज. अंदाजात नियम लपलेला होता म्हणूनच तो घेता आला. नियम सापडला नसता तर यंत्र झालेच नसते.

पण सगळे घेता आले नाही. लाकूड निवडणे माणसाकडेच राहिले. ओकच्या झाडात गाभ्यापासून सालीकडे जाणारे बारीक पडदे असतात. फळीचा रुंद चेहरा या पडद्यांना समांतर पडला तर पाणी जाडीतून झिरपत नाही. त्या फळीचे रुंदीत आकसणेही कमी होते, कारण लाकूड वर्तुळाच्या दिशेने आकसते त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याच्या दिशेने आकसते. म्हणून युरोपातला ओक कापीत नाहीत, रेषेरेषेने फाडतात. मग फळ्या दोन-तीन वर्षे उघड्यावर उन्हापावसात वाळवितात. तेलाच्या पिंपाला गळतीपोटी जी सूट द्यावी लागली तिचे मूळ पुष्कळदा सांध्यापेक्षा अशा कच्च्या लाकडात आणि सैल पडलेल्या कड्यांत असते.

फळ्या उभ्या करणेही हातानेच होत राहिले. एका कड्याच्या आत फळ्या एकीशेजारी एक अशा उभ्या करतात. शेवटची फळी अशी निवडावी लागते की घेर बरोबर भरला पाहिजे. एका टोकाला त्या आवळलेल्या, दुसऱ्या टोकाला घागऱ्यासारख्या पसरलेल्या. आत विस्तव ठेवून, बाहेरून पाणी मारून लाकूड मऊ करतात, आणि पसरलेल्या टोकाला दोर गुंडाळून रहाटाने ओढून तेही मिटवितात. पुढे यंत्र दोन्ही तोंडांशी आतून खाच पाडते, खाचेत गोल बूड बसते आणि कडी ठोकली जातात. भरल्यावर लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आणखी घट्ट होतात. भरलेले पिंप सुखी, रिकामे पिंप दुःखी.

हे शेवटचे वाक्य आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात गाडीची चाके सुकत, पाटे हलू लागत, धाव निसटेल अशी भीती वाटे. तेव्हा चाके काढून मन्याडच्या किंवा ओढ्याच्या डोहात भिजत टाकीत. लाकूड फुगे, चाक पुन्हा बोलेनासे होई. युरोपातला पिंपकार आणि बालाघाटच्या डोंगरातला शेतकरी यांची कधी भेट झाली नाही. पण लाकडाने दोघांना एकच धडा शिकविला.

पुढे दोघांचेही दिवस फिरले. १९०५ साली अमेरिकेत लोखंडी पिंपाची पेटंटे निघाली, आणि हळूहळू दोनशे लिटरांच्या पत्र्याच्या पिंपाने तेलाच्या व्यापारातून लाकूड हाकलले. नंतर प्लास्टिक आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. त्या टंचाईच्या काळात घराघरांपुढे ज्या रांगा लागल्या त्यांत प्लास्टिकची पिंपे होती. शब्द पोर्तुगीज गलबतावरचा, वस्तू कारखान्यातली, आणि आत मिरजेचे पाणी! लाकडी पिंप मात्र मेले नाही. दारूला ओकची चव हवी असते. म्हणून फ्रान्समध्ये, अमेरिकेत ती आजही होतात, आणि नाशिककडच्या द्राक्षमद्याच्या कारखान्यांतही ती बाहेरून येतात. पिंपाची विद्या यंत्रात आणि पुस्तकात उतरली होती, म्हणून गरज उरली तेवढी ती टिकली.

चाकाचे काय झाले? रबरी धावांची टायरगाडी आली. ती हलकी चालते, बैलाच्या मानेला सुख देते, रस्ता उखडत नाही. तिच्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण लाकडी चाक करणारा सुतार आणि धाव चढविणारा लोहार यांच्याकडे जे होते, ते त्या दोघांच्या हातांतच राहिले. बाभळीचा कोणता भाग तुंब्याला घ्यावा, कोणता आऱ्याला. पाट्यांत फट किती ठेवावी. धाव किती आखूड करावी : हे सारे आकडे होते, पण कागदावर नव्हते. बापाने मुलाला सांगायचे, आणि मुलगा दुसऱ्या धंद्याला लागला की ते संपायचे.

इंग्लंडात जॉर्ज स्टर्ट नावाचा एक गाडेकार होता. वडिलांचे चाकांचे दुकान त्याने चालविले, आणि ती विद्या बुडत आहे हे पाहून १९२३ साली तिच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. तो काही पंडित नव्हता. दुकानात काय होई, कारागीर काय करीत, काय म्हणत, ते त्याने नीट मांडले. आज चाक करू इच्छिणाऱ्या माणसाला त्या पुस्तकाचा आधार आहे.

आपल्या गावांतून चाके केलेले हात अजून कुठे कुठे आहेत. वय झालेले आहे, नजर मंदावली आहे, पण विचारले तर सांगतील. अंगणात कलंडून पडलेले एखादे जुने चाकही सापडेल. त्याचा व्यास मोजावा, आरे मोजावेत, पाट्यांच्या टोकांचा कल मोजावा, आणि म्हाताऱ्याला विचारावे, ‘बाबा, हे असेच का?’ त्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. तंत्रशाळेत शिकणाऱ्या मुलांना हे काम सहज जमण्याजोगे आहे. केप्लरनेही याहून वेगळे काय केले? दुसऱ्याच्या हाताला ठाऊक असलेल्या गोष्टीपुढे तो थांबला, आणि त्याने का म्हणून विचारले.

तेलाच्या भावात वरकड दोन गॅलन धरले होते ते गळतीपोटी. ज्ञानालाही गळती असते. तिच्यापोटी कोणी वरकड भरून ठेवीत नाही. सांधे आपणच घट्ट करावे लागतात.